मेल्यावर लागतो म्हणून

हा लेख फोटोंबद्दल आहे आणि त्याच्यासोबत एकही फोटो नाही. चक्रमुद्रित अंकाचं हे असंच असतं. स्टेन्सिलवर रेघ उठते, अक्षर उठतं. माणसाच्या गालावरची करडी सावली काही उठत नाही. तेव्हा मी सांगतो आणि तुम्ही डोळ्यांपुढे आणा.

सोलापूरहून पुणे रस्त्यानं निघालं की चिंचोळी एमआयडीसी लागते. चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, ट्रकांची रांग, आणि खांबाला बांधलेले फ्लेक्स. त्यातले निम्मे वाढदिवसाचे, बाकीचे श्रद्धांजलीचे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरचा माणूस नीट बघा. मुंडकं एका फोटोतलं असतं, कोट दुसऱ्या कुणाचा असतो आणि मागं स्वित्झर्लंडचा डोंगर असतो. ज्यानं हयातीत कोट घातला नाही, तो मेल्यावर कोटात उभा. फ्लेक्सवाला सवयीनं नावापुढं 'कै.' टाकतो. मग आपलं कुणीतरी त्याला सांगतं, बाबा रे, आमचा माणूस कैलासाला गेला नाही, 'कालकथित' लिही. तो लिहितो. बऱ्याचदा चुकीचं लिहितो.

असं जोडकाम का करावं लागतं? त्या माणसाचा एकट्याचा धड फोटोच नसतो. आपल्याकडे फोटो शोधायची वेळ येते ती माणूस गेल्यावर. जलदानविधीला बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तिसरी तसबीर लागते. मग पत्र्याच्या पेटीत हात जातो. लग्नातला घोळका सापडतो, नाहीतर मतदार कार्ड, नाहीतर बिडी कार्ड.

बिडी कार्डाबद्दल दोन शब्द. सोलापुरात बिडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत. १९७६ च्या कल्याण निधीच्या कायद्यानंतर बिडी कामगारांना ओळखपत्रं मिळू लागली आणि त्यावर फोटो आला. माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी बायकांच्या आयुष्यातला हा पहिला फोटो. तोही स्वतःसाठी नाही, सरकारला दाखवायला. बघाल तर सगळ्यांचे डोळे विस्फारलेले, मान ताठ, पदर डोक्यावर. पुढं त्यातलाच चेहरा मोठा करून हार घातला जातो. भिंतीवरची आई कायम घाबरलेलीच दिसते.

हे आजचं झालं. आता जरा मागं जाऊ. आपली माणसं कॅमेऱ्यापुढं पहिल्यांदा आली ती स्वतःच्या पायानं आली नाहीत.

फोटोग्राफीचा शोध १८३९ साली जाहीर झाला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ला निघाली, म्हणजे साहेबानं फार उशीर केला नाही. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरनं १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींवर दोन ग्रंथ काढले. त्यानं माणसं एका जागी उभी करून फोटो घेतले, मग ती कापून वेगळ्याच देखाव्यावर बसवली. चिंचोळीचा फ्लेक्सवाला करतो तेच! पुढं १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड सरकारी आश्रयानं निघाले. बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जातीचं आहे. पाखरं पकडून खाली जात लिहावी तसं. १८५७ च्या बंडानंतर कोणती जमात राजनिष्ठ आणि कोणती धोक्याची हे साहेबाला ओळखून ठेवायचं होतं. मनूनं जे तोंडी केलं ते यांनी काचेवर केलं, एवढाच फरक.

मग दुष्काळ. १८७६ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यावर फार वाईट कोसळला. त्याच दुष्काळात, १८७७ साली, सोलापूरची पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिलाच आपण जुनी मिल म्हणतो. शेत वाळलेलं, पोट खपाटीला, अशा वेळी गिरणीला हात किती स्वस्त मिळाले असतील हे तुम्हाला सांगायला नको. याच दुष्काळात तिकडे मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर नावाचा लष्करी अधिकारी उपाशी माणसांचे फोटो घेत होता. बरगड्या मोजता येतील अशी माणसं, बाया, लेकरं, ओळीनं बसवलेली. त्या फोटोंतल्या कुणाचंही नाव आज आपल्याला ठाऊक नाही. ज्यानं फोटो काढला त्याचं नाव मात्र राहिलं.

हाच हूपर १८८६ साली ब्रह्मदेशात मंडालेला होता. तिथं कैद्यांना गोळ्या घालताना गोळी लागते नेमक्या त्या क्षणाचा फोटो त्याला हवा होता. ही गोष्ट वर्तमानपत्रात आली, बोंबाबोंब झाली, चौकशी झाली, त्याच्यावर ठपका आला. गोरगरिबांचं मरण आणि दुसऱ्याचा कॅमेरा यांचं नातं समजून घ्यायला मला ही एक गोष्ट पुरेशी वाटते.

आपल्या शहरातही जवळचं उदाहरण आहे. सोलापुरात आजही सेटलमेंट नावाची वस्ती आहे. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांना तिथं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे. शिक्का निघाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. ज्या माणसाची खूण पोलिसाच्या दप्तरात आधी आणि घराच्या भिंतीवर नंतर लागते, त्याला कॅमेरा बघून हसू येत नाही.

आणि जिथं आपण असायला हवं होतं तिथल्या फोटोत आपण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या ओठाचा विटाळ कामगार बांधवांनाही होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. म्हणून कुठं जुन्या गिरणीतला खात्याचा ग्रुप फोटो दिसला तर त्यात कोण आहे तेवढंच बघू नका. कोण नाही तेही बघा.

आपला स्वतःचा फोटो कुठून सुरू होतो? माझ्या मते १९३४ पासून. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा तो फोटो तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी लागलेला आहे: बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि पुढं कुत्रा. कुणी उभं केलं म्हणून उभी राहिलेली ही माणसं नाहीत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपड्यात, स्वतःच्या नावानं बसलीत. पण रमाई पुढं सव्वा वर्षानं, २७ मे १९३५ ला, गेल्या. फोटोतल्या रमाईला ते ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे; म्हणून त्यांच्या चेहऱ्याकडं आपण जास्त वेळ बघतो. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरं त्याआधीच गेली होती. ती कुणाच्याच भिंतीवर नाहीत. आपल्या घराघरातली अशी लेकरं मोजायला बसलो तर अंक पुरायचा नाही.

दुसरी तारीख ७ डिसेंबर १९५६. बाबासाहेबांची अंत्ययात्रा. त्या दिवशी मुंबईत जे लोटलं ते आज आपल्याला हलताना दिसतं ते नामदेव व्हटकरांमुळं. आपलाच माणूस, लेखक आणि सिनेमातला. एवढ्या मोठ्या माणसाची शेवटची यात्रा कुणीतरी फिल्मवर घ्यायलाच हवी होती. व्हटकरांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकला आणि ती घेतली. हूपरचा कॅमेरा आणि व्हटकरांचा कॅमेरा, दोन्ही मरणापुढंच उभे होते. पण एकाचा माणूस परका, दुसऱ्याचा बाप.

आता चिंचोळीला परत येतो, कारण मला मुख्य सांगायचंय ते तिथलं आहे.

गिरण्या शहरात होत्या. भोंगा वस्तीत ऐकू यायचा, अपघात झाला तर बायका पायी पळत दारावर जायच्या. त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चिंचोळी शहरापासून लांब. मोटारसायकलवर, कंपनीच्या बसनं जायचं, ठेकेदाराच्या नावावर राबायचं, आणि काही झालं तर घरी आधी फोन येतो, फोनवर फोटो येतो. बहुतेकदा तो बघू नये असाच असतो.

आमच्या वस्तीतला एक पोरगा तिथं एका कारखान्यात गेला. तिशीचा. नाव लिहीत नाही, घरच्यांची इच्छा नाही. ठेकेदारानं सांगितलं, तो त्या दिवशी कामावर नव्हताच. हजेरीच्या वहीत नाव नाही. गेटपास सापडेना. पोरगा मेला हे खरं, पण तो तिथं कामाला होता हे खरं नाही, असं ते प्रकरण. मग त्याच्या दोस्ताच्या फोनमध्ये एक फोटो निघाला. डबा खाताना काढलेला. मांडीवर भाकरी, तोंडात घास, हसतोय, आणि मागं यंत्र. यंत्रावरचा नंबर वाचता येतो, फोनमध्ये तारीख आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातच कलम १२ होतं: ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही येते. कलम जुनं होतं, पुरावा नव्हता. त्या घासभरल्या तोंडानं पुरावा दिला. लई खेटे घातल्यावर तडजोड झाली.

पण गोष्ट इथं संपली नाही. पैशाचं झाल्यावर त्याच्या बायकोनं तोच फोटो मोठा करून मागितला. स्टुडिओवाल्याला म्हणाली, मागचं यंत्र काढून टाक. मी मधी बोललो, वहिनी, राहू द्या, त्यानंच तर आपल्याला न्याय मिळाला. ती म्हणाली, "भावजी, ज्यानं माणूस खाल्ला ते भिंतीवर कशाला?" स्टुडिओवाल्यानं यंत्र पुसलं आणि निळं आकाश लावलं. दोन प्रती केल्या. यंत्रासकटची माझ्या फायलीत आहे, आकाशाची तिच्या घरी. दोन्ही खऱ्या आहेत असं मला वाटतं, आणि तरी त्या एका भिंतीवर लावता येत नाहीत.

क्रिस्टोफर पिनी नावाच्या अभ्यासकानं मध्य प्रदेशातल्या नागदा या कारखान्याच्या गावातल्या फोटोंवर १९९७ साली 'कॅमेरा इंडिका' हे पुस्तक लिहिलं. तिथले स्टुडिओही मेलेल्यांचे चेहरे असेच जोडतात, रंगवतात. फोटो खरा असावा ही सायबाची हौस. गरिबाला फोटो साजरा हवा असतो. पूर्वी सोलापुरातही मेल्यावर काढलेला फोटो आणला की रिटच करणारा ब्रशनं मिटलेले डोळे उघडायचा. हसायचं कारण नाही. जन्मभर कुणी नजर वर करू दिली नाही, ती इथं एक ब्रशवाला वर करून देतो.

तरी एका बाबतीत मी पुसायच्या विरोधात आहे. १९५५ साली अमेरिकेत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी ठार केलं. त्याच्या आईनं, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवली आणि 'जेट' साप्ताहिकाला फोटो छापू दिले. काय केलंत ते बघा, म्हणाली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चौघं मारली गेली. मोठी वर्तमानपत्रं थंड होती. प्रेतांचे फोटो हातोहात फिरले तेव्हा नोव्हेंबरात महाराष्ट्र पेटला. ते फोटो फिरले नसते तर प्रकरण दाबलं गेलं असतं, हे मान्य. पण शिकागोत आईनं स्वतः ठरवलं होतं. आपल्याकडे कुणी ठरवलं? आज आपले कार्यकर्ते अत्याचाराची बातमी येताच पहिल्यांदा प्रेताचा फोटो पुढं ढकलतात, कुणाला न विचारता. त्या माणसाचा जिवंतपणीचा एक तरी फोटो शोधा की! नाहीतर आपणही हूपरच्याच रांगेत.

म्हणून आम्ही चार-पाच जणांनी सध्या एक काम धरलंय. सुट्टीच्या दिवशी चिंचोळीला जाणाऱ्यांचे फोटो घ्यायचे, जिवंत असताना. डबा खाताना, गेटवर, बायकापोरांसोबत. नाव, गाव, खातं, ठेकेदार, तारीख वहीत. म्हातारी माणसं म्हणतात फोटो काढला की आयुष्य घटतं. त्यांच्याशी वाद घालत नाही, चहा घेतो आणि पुन्हा जातो. फोनमधल्या फोटोवर विसंबायचं नाही, फोन फुटतो, चोरीला जातो. कागदावर काढायचे. कागदही अमर नाही: जुने काळेपांढरे फोटो हायपो नीट न धुतल्यानं पिवळे पडले, ऐंशी सालातले रंगीत फोटो लालसर होत चालले. मागं नाव लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीनं, बॉलपेननं नाही. बॉलपेनचा वळ पुढं चेहऱ्यावर उठतो.

खर्च आहेच. चौदा एप्रिलच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढा असं मंडळात मांडलं. डॉल्बी एक दिवस कमी करावा लागेल म्हणून पोरं चिडली. बैठक दोनदा उधळली. तिसरी येत्या रविवारी विहारात आहे.