चिनी मातीची भांडी आणि मराठी घराची सजावट : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले यंत्रमागांचे गाव. या परिसरातील घरांच्या सोप्यात काचेच्या कपाटात बहुधा एखादा चहाचा संच मांडलेला आढळतो. तो रुखवतात आलेला असतो आणि क्वचितच वापरला जातो. पाहुण्याला चहा मिळतो तो स्टीलच्या किंवा काचेच्या पेल्यातून. फुटण्याची भीती हे याचे एक कारण आहेच. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. आपल्याकडे चिनी मातीने स्वयंपाकघरापेक्षा दिवाणखान्यातून प्रवेश केला आणि त्यामागे प्रतिष्ठेइतकाच शिवाशिवीचा विचार होता, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे.

दख्खनमध्ये ‘चिनी’ हा शब्द प्रथम वास्तूला चिकटलेला दिसतो. गोवळकोंड्याच्या पाडावानंतर, १६८७ मध्ये, अबुल हसन तानाशाह याला दौलताबादच्या ज्या चिनी महालात कैदेत ठेवण्यात आले, त्याला हे नाव भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरशांमुळे मिळाले. त्या फरशा म्हणजे पोर्सेलीन नव्हे. परंतु मराठीने हा भेद कधीच फारसा मानलेला नाही. लोणच्याची बरणी, कपबशी आणि झिलईची फरशी या तिन्ही वस्तू आपल्या लेखी चिनी मातीच्याच.

गोव्यात चित्र निराळे होते. पोर्तुगीजांच्या मकावशी असलेल्या व्यापारामुळे तेथील धनिकांच्या घरी अस्सल चिनी भांडी आली. चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा वाड्यात ती आजही पाहावयास मिळतात. ख्रिस्ती कुटुंबांत मेजावर भोजनाची रीत असल्याने ही भांडी शोभेबरोबर जेवणासाठीही उपयोगी पडत. घाटावरच्या संस्थानिकांनी मात्र युरोपीय दिवाणखान्याचा नमुना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीकारला. कोल्हापूरचा नवा राजवाडा (१८७७-८४) आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास या दोहोंचे आराखडे मेजर चार्ल्स मँट यांचेच. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १८९४ मध्ये संग्रहालय उभे केले. तेथे चीन, जपान व युरोपातील मृत्पात्रे आहेत. इचलकरंजीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी १९१३ मध्ये युरोपचा प्रवास करून त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. राजवाड्यातील वस्तूंचे अनुकरण सरदार, वकील व सावकार यांच्या दिवाणखान्यांत झाले, हे समजण्यासारखे आहे. अवघड प्रश्न आहे तो स्वयंपाकघराचा.

धर्मशास्त्रात धातूचे भांडे राख, चिंच व पाणी यांनी शुद्ध होते. मातीचे उष्टे भांडे टाकून द्यावे लागते, फार तर पुन्हा भट्टीत घालावे लागते. काचेसारखी झिलई असलेली कपबशी यांपैकी कोणत्या वर्गात घालावयाची? लोणच्याच्या बरणीला हा प्रश्न नडला नाही. मीठ व आंबट यांनी तांब्या-पितळेची भांडी कळकतात, बरणीला काही होत नाही. शिवाय बरणीला कोणी ओठ लावत नाही. कपाला मात्र लावावा लागतो. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहापानावरून टिळक-रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्य उभे राहिले. तेथे वाद ख्रिस्ती मिशनच्या घरी चहा घेण्याचा होता, पेला कशाचा हा नव्हता, हे नोंदवले पाहिजे. तरीही चहा आणि भ्रष्टता यांची सांगड किती घट्ट होती, ते त्यावरून दिसते.

कोल्हापुरात या प्रश्नाला वेगळे वळण लागले. सवर्णांच्या हौदातील पाण्याला शिवल्यावरून मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले. तेथे महाराज स्वतः जाहीरपणे चहा घेत व सोबतच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. आपल्या सामाजिक इतिहासात कपबशीला इतके वजन अन्यत्र क्वचितच आले असेल. याउलट अनेक गावांतील चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळे कप ठेवण्याची रीत पुढे दीर्घकाळ टिकून होती. कपाटातील संचाला कोणीच ओठ लावत नसल्याने तो कोणाच्या हाती द्यावयाचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. हे अनुमान आहे. पण तपासून पाहण्याजोगे आहे.

ते तपासावयाचे कशाच्या आधारे? सर रतन टाटा (मृत्यू १९१८) व सर दोराबजी टाटा (मृत्यू १९३२) यांचे संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांतील चिनी-जपानी पात्रांवरून संग्राहकाची अभिरुची कळते, सामान्य घर कळत नाही. सामान्य घराकडे पाहिले ते दिनकर केळकरांनी. दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमविल्या आणि पुण्यातील संग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. परंतु संग्रहालयात आलेला अडकित्ता त्याच्या घरापासून तुटलेला असतो.

कबनूर-इचलकरंजी परिसरात जुनी घरे पाडून स्लॅबची घरे उभी राहत आहेत. अशा वेळी तांब्या-पितळेची भांडी वजनावर विकली जातात, निदान मोडीला तरी जातात. चिनी मातीला मोडीचा भाव नाही. ती थेट उकिरड्यावर जाते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी घरोघर नोंदी घेतल्यास काही साधने अद्याप हाती लागतील : बरणीच्या बुडावरील कारखान्याचा शिक्का, संच कोणाच्या लग्नात आला ते वर्ष, आणि घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावयाचा एक प्रश्न – या कपातून आजवर चहा कोणाला दिला, आणि कोणाला नाही?