तळटीप : ‘मिशन सोडलेले टिळक’
१७. इथले टिळक लोकमान्य नव्हेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), ‘फुलामुलांचे कवी’. मूळ मजकुरात त्यांनी ‘धर्म सोडला’ असे आले आहे, ते चूक; ख्रिस्ती धर्म त्यांनी सोडला नाही. सोडले ते मिशन. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये नगरला आले, पुढे मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक झाले. पण परदेशी पाद्र्यांच्या हातची सूत्रे, पगारी धर्मसेवा आणि साहेबी वळणाची उपासना त्यांना खुपत गेली. त्यावर उतारा म्हणून त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, कीर्तने केली. आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. (पाद्र्यांना झोंबले असेल ते हेच.) दोन वर्षांत टिळक वारले, दरबारही विरला. मूळ मजकुराच्या चोपडेकर लेखकाला टिळकांची ओढ का, हे समजण्यासारखे आहे : तापीपलीकडच्या धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, नगरला टिळकांच्याच घरी राहिले होते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’त ठोंबऱ्यांच्या आठवणी आहेत, जिज्ञासूंनी त्या मुळातूनच वाचाव्यात. – संपा.