तिकिटाची खिडकी आणि कामगार संघ

आजचा विषय विलायतेतील आहे. घरचे प्रश्न पुष्कळ असताना दूरच्या बेटावरील आगगाड्यांची कथा कशासाठी, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. परंतु आम्ही ज्या चळवळीत उमेदीची वर्षे घालविली, तिला आपल्या देशात जे कायद्याचे संरक्षण मिळाले, त्याचे मूळ त्याच आगगाड्यांच्या एका संपात आहे. आणि २०२३ साली तेथे तिकिटाच्या खिडक्यांवरून जो झगडा झाला, त्यात आपणही विचार करावा असे बरेच काही आहे.

आरंभीच्या काळी रेल्वेचा कारकून प्रत्येक उतारूचे तिकीट हाताने लिहून देत असे. टॉमस एडमंडसन हा मूळचा लाकडी सामान बनविणारा कारागीर. धंद्यात बुडाल्यावर त्याने न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या एका लहानशा स्थानकावर नोकरी धरली, आणि १८३० नंतरच्या दशकात अनुक्रमांक छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट व त्यावर तारीख उमटविणारे यंत्र तयार केले. आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांनी ते पुठ्ठ्याचे तिकीट हातात धरलेले आहे. खटकन् आवाज करून तारीख उठविणारे यंत्रही पाहिले आहे. येथे यंत्र आले ते खिडकीच्या आत, माणसाच्या हाताशी आले. माणूस गेला नाही. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत हे नाते कसे उलटे झाले, ते ओघाने येईलच.

त्या माणसांचा संघ १८९७ साली शेफील्ड येथे निघाला. कारकुनाला स्वतःस कामगार म्हणवून घेणे जड जाते, मग तो शेफील्डचा असो की आपल्या गावच्या कचेरीतला. त्याच्या आधीच सिग्नलवाले, गार्ड, हमाल यांचा ‘अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ रेल्वे सर्व्हंट्स’ हा संघ उभा होता. ‘सर्व्हंट्स’ म्हणजे नोकर! कामगार हा शब्दही त्यांनी घेतला नव्हता. पण इतिहास घडविला तो या नोकरांनीच.

ऑगस्ट १९०० मध्ये दक्षिण वेल्समधील टॅफ व्हेल रेल्वेवर संप झाला. तो अवघे अकरा दिवस टिकला. कंपनीने संघावरच दावा लावला आणि १९०१ साली उमरावांच्या सभेने, म्हणजे तेथील त्या काळच्या सर्वोच्च न्यायपीठाने, असा निर्णय दिला की संपामुळे झालेले नुकसान संघाच्या निधीतून वसूल करता येते. संघाला भरपाई भरावी लागली ती २३,००० पौंड, कोर्टखर्च वेगळाच. महिन्याच्या महिन्याला सभासदांकडून पै-पैसा गोळा करणाऱ्या मंडळींना या आकड्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. संप करण्याचा हक्क कागदावर शिल्लक होता. तो वापरला की तिजोरी रिकामी होणार, एवढेच.

मात्र याच रेल्वे नोकरांच्या ठरावावरून १८९९ साली कामगार संघांच्या परिषदेने पार्लमेंटात स्वतःचे प्रतिनिधी धाडण्याचा विचार मान्य केला होता. टॅफ व्हेलच्या निकालानंतर जे संघ आजवर बाजूला उभे होते, तेही या खटपटीत आले. १९०६ च्या निवडणुकीत त्यांचे २९ उमेदवार निवडून आले आणि त्याच वर्षी नवा कायदा होऊन संघाचा निधी अशा दाव्यांपासून मोकळा झाला.

आता आपला संबंध पाहा. मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटक गिरणीतील तंट्यात मालकांनी मजूर संघाचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध हायकोर्टातून मनाई हुकूम आणला. टॅफ व्हेलचीच ही मद्रासी आवृत्ती! तेव्हा ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा कायदा झाला. त्यातले १७ वे आणि १८ वे कलम वाचावे. वेल्समधल्या अकरा दिवसांचा धडा तेथे सापडतो. जोशी हे मोठी भाषणे करणारे पुढारी नव्हते. कलमे वाचणारे होते. आमच्या मते चळवळीला दोन्ही लागतात, पण दुसऱ्या जातीची माणसे नेहमीच कमी पडतात.

आता एकदम अलीकडच्या काळात येऊ. लंडनच्या भुयारी रेल्वेने आपली बहुतेक सर्व तिकीटघरे बंद करण्याचे २०१३ साली जाहीर केले. फेब्रुवारी २०१४ मध्ये अठ्ठेचाळीस तासांचा संप झाला. लोकांचे हाल झाले, वर्तमानपत्रांनी संघाला झोडपले, पुढे वाटाघाटीही झाल्या. तरी पुढल्या दोनेक वर्षांत तिकीटघरे बंद झालीच.

नंतरचा झगडा देशभरचा होता. जून २०२२ मध्ये आर.एम.टी. या संघाच्या सुमारे ४०,००० सभासदांनी संप केला. तीस वर्षांत रेल्वेवर एवढा संप झाला नव्हता. महागाई वाढत होती. त्या ऑक्टोबरात ती शेकडा ११ वर गेली. पगार हे एक कारण, नोकऱ्यांची शाश्वती हे दुसरे. कंपन्या खाजगी, पण करोनाच्या साथीपासून तोट्याचा भार सरकारवर. म्हणून बोलणी कंपन्यांशी आणि होकार-नकार मंत्र्यांचा. असल्या पडद्याआडच्या मालकाशी झगडणे किती कठीण असते, हे कंत्राटी कामगारांत वावरलेल्या आम्हांला चांगले ठाऊक आहे.

५ जुलै २०२३ रोजी कंपन्यांनी इंग्लंडमधील जवळजवळ सर्व तिकीटघरे बंद करण्याची योजना पुढे मांडली. शंभरांतली बाराच तिकिटे आता खिडकीवर विकली जातात, असा त्यांचा हिशेब. आतला माणूस बाहेर फलाटावर येऊन उतारूंना मदत करील, असेही आश्वासन होते. संघाला त्यात नोकरकपात दिसली. हिशेब खोटा नव्हता. पण त्या बारांत कोण कोण होते? यंत्राचा गुळगुळीत पडदा ज्याला दिसत नाही तो आंधळा, रोख पैसे देणारा, सवलतीचे किचकट तिकीट मागणारी म्हातारी, चाकाच्या खुर्चीवरून यंत्राच्या बटनापर्यंत हात न पोचणारा. खिडकी एका ठिकाणी असते, ती शोधावी लागत नाही. फलाटावर हिंडणारा नोकर आंधळ्याने कसा शोधावा?

रेल्वेचे खाजगीकरण होताना १९९५ साली तिकीटविक्रीचा एक करार झाला होता. त्याच्या सतराव्या परिशिष्टाप्रमाणे तिकीटघराच्या वेळांत मोठा बदल करायचा तर स्थानकावर नोटीस लावून उतारूंचे मत घ्यावे लागे, आणि उतारूंच्या वतीने काम पाहणाऱ्या संस्थांना हरकत घेता येई. कंपन्यांनी एकवीस दिवसांची मुदत दिली. अपंग उतारूंनी आणि काही शहरांच्या महापौरांनी कोर्टात जाण्याचा इशारा दिल्यावर ती १ सप्टेंबरपर्यंत वाढली. संघाचे लोक स्थानकांच्या दारांत पत्रके वाटीत उभे राहिले. संपाच्या दिवशी ज्या उतारूने त्यांना शिव्या घातल्या असतील, तोच आता सही करू लागला. साडेसात लाखांवर उत्तरे आली, बहुतेक सगळी विरोधाची. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी दोन्ही उतारू संस्थांनी हरकत नोंदविली आणि त्याच दिवशी मंत्र्यांनी कंपन्यांना योजना मागे घेण्यास सांगितले.

लंडनमध्ये संपाने जे साधले नाही, ते येथे त्या परिशिष्टाच्या आधाराने साधले. तेवढ्यावरून संप व्यर्थ होता असे मात्र कोणी म्हणू नये. सव्वा वर्ष संपाचा घोष चालला नसता, तर रेल्वेत माणसे कमी करण्याचा बेत चालला आहे हे सामान्य उतारूच्या कानी पडलेच नसते. आणि सही गोळा करायला लागणारी शाखाशाखांची बांधणीही त्या संपातच पक्की झाली होती.

त्याच नोव्हेंबरात आर.एम.टी.च्या सभासदांनी मतदान करून गाड्या चालविणाऱ्या कंपन्यांशी तडजोड मान्य केली. २०२२ सालासाठी शेकडा ५ पगारवाढ आणि नोकऱ्यांची काही काळापुरती हमी, एवढे पदरात पडले. महागाईच्या मानाने वाढ तोकडीच होती. चालकांचा निराळा संघ मात्र झगडत राहिला. त्यांचा तंटा सप्टेंबर २०२४ मध्ये, सरकार बदलल्यानंतर मिटला.