बऱ्हाणपूरची वाट आणि कुळदैवताची ओढ

वतनाचा गाव सोडून परमुलखात जाणे कोणत्याही काळी सुखासुखी घडलेले नाही. कोणी राजवट पालटली म्हणून निघाले, कोणी पोटासाठी, तर कोणी अंगच्या कर्तृत्वाला वाव हवा म्हणून. ही तिन्ही कारणे एकाच ठिकाणी पाहावयाची झाल्यास तापीकाठच्या बऱ्हाणपूरकडे वळावे लागते. दक्षिणेतून माळव्यात व पुढे हिंदुस्थानात जाणाऱ्यांचे हे जुने नाके होय. गोमंतकीय महाजन घराण्यांच्या इतिहासाशीही त्याचा संबंध दुरून का होईना, पण निश्चित पोहोचतो.

फारुकी सुलतान नासीरखानाने शेख बुऱ्हाणुद्दीन या सत्पुरुषाच्या नावावरून हे शहर वसविले. उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर असिरगड उभा आहे. त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. १६०१ साली अकबराने तो गड घेतला आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे बनले. येथील तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, इतकेच नव्हे तर रशिया व पोलंडपर्यंत जात असल्याची नोंद सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने करून ठेविली आहे. जेथून कापड परदेशी जाई, तेथे परदेशची माणसे वस्तीला येत, हे ओघानेच आले.

त्यांत सिंधमधून आलेल्यांची कथा मननीय आहे. सोळाव्या शतकात अर्घुनांच्या स्वारीनंतर सिंधमध्ये अस्थिरता माजली. तेथील काही सूफी व विद्वान घराणी गुजरात आणि वऱ्हाडमार्गे बऱ्हाणपुरास येऊन स्थिरावली. त्यांच्या वस्तीस ‘सिंधीपुरा’ हे नाव पडले. त्यांच्यापैकी शेख ईसा जुंदुल्लाह यांचा दर्गा बऱ्हाणपुरातच आहे. मूळ प्रांत सुटला, परतीची वाट मिटली, तरी मोहल्ल्याच्या नावात त्यांनी आपला देश जपून ठेविला.

मराठ्यांचा या शहराशी पहिला मोठा परिचय शत्रुत्वाचा होता. १६८१ च्या प्रारंभी संभाजी महाराजांच्या फौजेने शहरालगतचे बहादूरपूर लुटले. पुढे १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले आणि १७७८ साली ते शिंद्यांच्या ताब्यात गेले. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी ते जिंकले व पुन्हा शिंद्यांस परत दिले. १८६० च्या सुमारास मात्र ते कायमचे इंग्रजी अमलाखाली गेले.

शिंद्यांच्या याच दौलतीत गोमंतक व दक्षिण कोकणातील अनेक सारस्वत घराण्यांचे भाग्य उदयास आले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखठणकर, म्हणजेच रामचंद्रबाबा शेणवी, हे त्यांतील अग्रणी. पुढच्या पिढीत केरीचे जिवबादादा बक्षी आणि लखबादादा लाड यांनी महादजी शिंद्यांच्या व त्यांच्या नंतरच्या काळात तलवार गाजविली. लेखणी, हिशेब व दरबारी व्यवहार यांत निपुण असलेल्या या कुळांना स्वदेशी वाव उरला नव्हता. १५४३ साली साष्टी व बारदेश पोर्तुगीजांकडे गेले होते आणि पुढील काही दशकांत तेथील देवालयेही मोडली गेली होती. पुण्याच्या दरबारात जे स्थान लाभणे कठीण, ते शिंद्यांच्या छावणीत गुणांवर मिळे. म्हणून माणसे घाट चढली आणि तापी व नर्मदा ओलांडून गेली.

तथापि, ही मंडळी जेथून निघाली तेथे त्यांचे दैवत तरी मूळ ठिकाणी कोठे राहिले होते? श्रीमंगेशाला १५६० साली कुशस्थळी सोडून अंत्रुज महालातील प्रियोळास यावे लागले होते. श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली होती. देव स्वतःच परागंदा झालेला आणि भक्त त्याहूनही दूर गेलेला, असा हा योग होता. अशा स्थितीत नाते तुटणे सोपे होते. ते तुटले नाही, याचे पुरावे कागदोपत्री आहेत. १७३९ साली रामचंद्रबाबांच्या शब्दावरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला. त्याच सुमारास सातारा दरबारी मंत्रिपदावर असलेल्या कोचऱ्याच्या नारो राम रेगे यांच्या प्रयत्नाने कवळ्याचे देवालय उभे राहिले आणि शाहू महाराजांकडून कवळे गाव श्रीशांतादुर्गेस मिळाला. एकाचे धनी माळव्यात मोहिमा करीत होते, दुसरा साताऱ्यास होता. दोघांचीही दृष्टी मात्र देवाच्या दिव्याकडे लागलेली होती.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. सनद दूरच्या दरबारातून आली, पण दिवा रोज लावला तो गावी राहिलेल्यांनी. पुजारी, देवळी, वाजंत्री, शेत कसणारे कुळवाडी यांच्याविना इनामाचा कागद कागदच राहिला असता. तसेच जाणाऱ्यांनी पाठबळ दिले नसते, तर राहिलेल्यांचे हात अपुरे पडले असते. परमुलखात गेलेला आणि घरी राहिलेला, दोघांचेही ऋण देवस्थानावर आहे. यांपैकी एकालाच मान देऊन दुसऱ्यास विसरणे हा अन्याय होय.

शिंद्यांचा अंमल बऱ्हाणपुरातून गेला, त्यास दीडशेहून अधिक वर्षे लोटली. १९५६ च्या प्रांतरचनेत शहर मध्य प्रदेशात राहिले. तरी खानदेशाच्या त्या वेशीवर मराठी अद्याप ऐकू येते. दौलती बुडाल्या, सरहद्दी सरकल्या. टिकले ते एवढेच, की सिंधहून आलेल्यांनी आपल्या देशाचे नाव मोहल्ल्यास दिले आणि गोव्याहून गेलेल्यांनी आपले यश देवाच्या पायी आणून ठेविले. आज महाजन कुळांतील मुले समुद्रापलीकडे जातात, तीही याच जुन्या कारणांनी. त्यांचे नाव महाजनांच्या नोंदवहीत वंशपरंपरेने राहील. परंतु नोंदवहीतील नाव हा केवळ अधिकार होय. तो रामचंद्रबाबांनाही जन्मानेच लाभला होता. त्यांचे स्मरण मात्र होते ते त्या अधिकाराबरोबर त्यांनी उचललेल्या भारामुळे.