जुन्या घराचा गिलावा

नेहमी पिकाच्या नोंदी लिहितो, आज भिंतीची लिहितो.

औंदा उन्हाळ्यात आमच्या जुन्या मातीच्या घराचा बाहेरचा सिमेंट गिलावा सोलून काढला. वडिलांनी १९८७ साली मोठ्या हौसेनं केलेला. वरून टणक, पण आत जमिनीपासून दोन-अडीच फूट भिंत ओलीगच्च. माती हातानं निघत होती. असं का झालं, हे कळायला जरा मागं जावं लागतं.

गावाची जमीन दोन प्रकारची, काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची. काळी पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, म्हणून भिंतीला पांढरीचीच माती. गाऱ्यात भुसकट मिसळायचं आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. ही रीत आजकालची नाही. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावाही मातीचाच आहे, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू सापडतात.

ऐपतवाल्याच्या वाड्याला चुना असायचा. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायची. अनेक किल्ल्यांवर त्या घाणीचा गोल दगडी चर अजून दिसतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, तरी त्यात बारीक छिद्रं राहतात. भिंतीतली ओल त्यातून निघून जाते.

सिमेंटचं पेटंट इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिननं १८२४ साली घेतलं. आपल्या देशात पोरबंदरला १९१४ साली कारखाना चालू झाला. पण सिमेंटवर पुढं बरीच वर्षं सरकारी नियंत्रण होतं. ते १९८२ साली सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. त्या काळात आमच्याकडं मातीच्या भिंतीला सिमेंट लावणं म्हणजे मान झाला. पुढं ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. मातीवरचा विश्वासच उडाला.

ती भीती खोटी नव्हती. पण भिंत तरते ती आतल्या बांधणीवर. वरून गिलावा जाड केला म्हणून ती मजबूत होत नाही. उलट सिमेंटखाली ओल कोंडते, पायथा कुजतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आम्ही आधी भिंतीलगतची चढलेली माती काढून पाण्याला उतार दिला. दोन महिने भिंत उघडी वाळू दिली. कुजलेला भाग पांढरीच्या मातीनं भरला, वरून मातीचा गिलावा आणि चुन्याचे तीन हात दिले. आता दर दिवाळीआधी पुन्हा चुना द्यावा लागणार. आई म्हणाली, "दरसाल बांध धरतोस ना? मग भिंतीला काय झालं?"

तुमचं घर जुनं मातीचं असेल तर नवा गिलावा करण्याआधी पायथ्याला एक हातभर जागा सोलून बघा. ओल असली तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, गवंडी नंतर बोलवा.