बियांपासून तुती : आमच्या बॅकयार्डमधला अनुभव

जून महिना लागला की इथे न्यू जर्सीत फुटपाथवर जांभळे डाग दिसू लागतात. "कसली तरी बेरी" म्हणून आपण चपला सांभाळत पुढे जातो. अहो, ती आपली तुती! महाबळेश्वरला ज्यांनी ती घेऊन खाल्ली आहे, त्यांना चव घेताच ओळख पटेल. बियांपासून झाड कसे करायचे, असे मंडळातले बरेच जण विचारतात, म्हणून ही माहिती.

आधी बी कुठल्या झाडाचे, ते बघा. अमेरिकेच्या पूर्व भागातली मूळची तुती म्हणजे लाल तुती (मोरस रुब्रा). पांढरी तुती (मोरस अल्बा) चीनकडची, रेशमाच्या किड्यांसाठी इथे आणलेली. 1830 च्या दशकात तर इथे तुतीच्या रोपांचा चक्क सट्टा चालला आणि 1839 मध्ये तो कोसळला! रेशीम गेले, झाडे राहिली. पक्ष्यांनी बी सगळीकडे नेले आणि लाल तुतीशी संकरही झाले. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी पांढरी तुती उपद्रवी झाड मानतात. फळाच्या रंगावर जाऊ नका, पांढऱ्या तुतीची फळेही काळी असू शकतात. पान बघा : पांढरीचे वरून गुळगुळीत, चकचकीत; लालचे खरखरीत, खालून लवदार. शक्य तर लाल तुतीचेच बी घ्या. भारतातून मात्र परवानगीशिवाय बी आणू नका.

पूर्ण पिकलेली फळे पाण्यात कुस्करा. गर आणि पोकळ बी वर तरंगते, चांगले बी तळाशी बसते. ते धुऊन ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळा आणि पिशवीत घालून 2-3 महिने फ्रीजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे!) ठेवा. पिशवीवर नाव लिहा. आमची पहिली पिशवी घरातल्या साफसफाईत कचऱ्यात गेली होती. थंडी सरत आली की कुंडीत भुसभुशीत मातीवर बी पसरून वर अगदी पातळ माती भुरभुरवा. खोल पुरले तर उगवत नाही. ऊब आणि ओल राहिली तर साधारण दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. रोप वीतभर झाले की उन्हाच्या जागी लावा आणि भोवती जाळी करा, नाहीतर हरणे शेंडे खातात.

आता मुख्य गोष्ट. तुतीत बहुतेक नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. नराला फळ येत नाही आणि लहान रोप बघून काही कळत नाही. फुलोरा यायला पाच ते दहा वर्षे लागतात! आम्ही चार रोपे वाढवली. सातव्या वर्षी फुले आली तेव्हा कळले, तीन नर, एक मादी. आमच्या एका स्नेह्यांनी एकच झाड लावले होते, मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी. ती कॉलेजला गेली तेव्हा ते नर निघाले. वहिनी अजून त्यावरून त्यांना चिडवतात. शिवाय नर झाडाच्या परागांचा ॲलर्जीवाल्यांना त्रास होतो. ॲरिझोनातल्या टूसॉनने 1984 मध्ये अशा तुतीच्या विक्रीवर बंदी घातली ती याचसाठी. तेव्हा जागा असेल तर चार-पाच रोपे लावा आणि नर निघालेली काढा. दोन-चार वर्षांत घर बदलायचे असेल तर बियांच्या भानगडीत पडू नका, नर्सरीतून मादी झाडाचे कलम आणा. मुलांना बी रुजताना दाखवायचे असेल, तर मात्र बीच हवे.

झाड ड्राइव्हवे, डेक, कपडे वाळवायची दोरी यांच्यापासून लांब लावा. फळे एकेक तोडत बसू नका. खाली जुनी चादर अंथरून फांदी हलवा, पिकलेली तेवढी पडतात. कच्ची फळे खाऊ नका, पोट बिघडते. धुतलेली तुती दोन दिवसही टिकत नाही, म्हणून खायच्या वेळीच धुवा. उरलेली ताटात पसरून फ्रीज करा, मग डब्यात भरा. जॅमला लिंबू सढळ हाताने पिळा, नाहीतर तो नीट घट्ट होत नाही. आणि आमच्याकडे सर्वात आधी संपते ते तुतीचे श्रीखंड. चक्क्यात तुती अगदी शेवटी, हलक्या हाताने मिसळा.