चौकोनी मराठी

अँड्रॉइडवर मराठी दिसायचीच नाही असा एक काळ होता, हे आज सांगून कुणाला खरं वाटत नाही. साल २०११. मी कोल्हापुरात आठवीत होतो. दादाने पहिल्या पगारातून घेतलेल्या फोनवर (अँड्रॉइड २.२) मराठी पेपरची साईट उघडली आणि समोर काय, तर नुसते रिकामे चौकोन!

फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. ऑपेरा मिनीत एक जुगाड होता. आतलं एक सेटिंग चालू केलं की तिकडचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. पण ते तेवढ्या ब्राउझरपुरतंच. मराठी एसएमएस आला की परत चौकोन. आईच्या साध्या नोकियाला मराठी यायचं, हे विशेष :)

फॉन्ट टाकायचा तर सिस्टीमच्या फोल्डरमध्ये, आणि तिथे लिहायची परवानगी फक्त 'रूट'ला. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्समध्ये रूट म्हणजे घरातला कर्ता, युजर क्रमांक ०. पैसे आपले, किल्ली कंपनीकडे.

हे कुलूप पहिल्यांदा उघडलं तो किस्सा भारी आहे. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन जी१ आला. त्याच्या कीबोर्डवर टाइप केलेलं सगळं मागच्या मागे रूटच्या शेलमध्येही जात होतं! कुठेही 'रीबूट' लिहून एंटर मारलं की फोन खरंच रीबूट. गूगलने ते भोक लगेच बुजवलं, पण तोवर लोक आत शिरले होते. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिकचा सायनोजेनमॉड आला (तो २०१६ मध्ये बंद पडला, त्याचंच लिनिएजओएस झालं). कौशिक दत्ताने क्लॉकवर्कमॉड रिकव्हरी लिहिली.

माझ्या मते खरी हिरो रिकव्हरीच. ती वेगळ्या पार्टिशनवर असते, त्यामुळे सिस्टीम मेली तरी ती उठते. कंपनीची रिकव्हरी फक्त कंपनीची सही असलेली फाईल घेते. ही कुणाचीही घेते, वर अख्ख्या सिस्टीमची प्रत मेमरी कार्डवर काढून ठेवते.

दादाने नेमकी हीच पायरी गाळली. रूट केलं, फॉन्टची फाईल बदलली, परवानगी चुकीची दिली, फोन लोगोवर अडकला. राजारामपुरीतल्या एका दुकानातून फ्लॅश करून आणला तेव्हा आतले सगळे एसएमएस गेलेले. आजोबा त्याच उन्हाळ्यात वारले होते. इंग्रजी अक्षरांत एकेक बटण दाबत त्यांनी पाठवलेले 'जेवलास का', 'पोचलास का' त्यात होते. दादा आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत परत बसला. आधी रिकव्हरी, मग बॅकअप, मग फॉन्ट. चौकोन गेले, पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची आणि 'कोल्हापूर'मधल्या 'ल'चा पाय मोडलेला. फॉन्ट होता, अक्षरं जुळवणारं इंजिन नव्हतं. ते अँड्रॉइड ४.० मध्ये आलं आणि कंपनीने ४.० या फोनला दिलंच नाही.

२०१२ मध्ये कुणा अनोळखी माणसाने त्या मॉडेलसाठी जुळवलेला सायनोजेनमॉड ९ दादाने रिकव्हरीतून टाकला. (आज हे सुचवणार नाही, रूट केलेल्या फोनवर बऱ्याच बँकांची अ‍ॅप्स चालत नाहीत.) मग स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाला, "काहीतरी मराठीत पाठव."

आईने पाठवलं: 'येताना दूध आण.' काना-मात्रांसकट नीट दिसलं. दादा तसाच दूध आणायला गेला.